देव्हारे रिकामे करणारा माणूस : टॉलस्टॉय

(द्वितीय वर्ष, कला)

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी माझ्या आईने गुणपत्रिका देव्हाऱ्यात ठेवली, तिला हळदकुंकू वाहिले आणि हात जोडले. आमच्या घरात दहावीच्या पलीकडे त्याआधी कोणी गेलेले नव्हते, त्यामुळे त्या कागदाचे तेज तिला खंडोबाच्या टाकापेक्षा कमी वाटले नसेल. मीही हात जोडले. त्यावेळी त्यात काही वावगे वाटले नाही. आजही आईला दोष द्यावासा वाटत नाही. परंतु गेल्या वर्षी ग्रंथालयात पाठीची शिवण सुटलेले एक जुने पुस्तक हाती आले, आणि ते वाचताना देव्हाऱ्यातला तो कागद पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागला. पुस्तक होते रशियन कादंबरीकार लिओ टॉलस्टॉय याच्या आत्मनिवेदनाचे भाषांतर.

मूर्तिपूजा म्हटले की आपल्याला दगडाची किंवा पितळेची मूर्ती आठवते. ख्रिस्ती व यहुदी धर्मग्रंथांतल्या दहा आज्ञांपैकी अगदी आरंभीच्या आज्ञा ह्याच विषयावर आहेत : एका देवावाचून दुसऱ्याला देव मानू नये, आणि कोरीव मूर्तीपुढे वाकू नये. परंतु माणूस मूर्ती न घडवताही पूजा करू शकतो. पैसा, कीर्ती, राष्ट्र, शास्त्र, प्रगती, कुटुंब ह्यांपैकी कशालाही देवाच्या जागी बसवता येते, आणि गंमत अशी की तेथे घंटा वाजत नसल्यामुळे आपण पूजा करीत आहोत हे पुजाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. टॉलस्टॉयचे ८२ वर्षांचे आयुष्य म्हणजे असे एकेक देव्हारे मांडण्याचे आणि रिकामे करण्याचे आयुष्य होय. त्याच्याविषयी लिहिताना मी एकेरीत लिहिले आहे. तुकोबालाही आपण एकेरीतच हाक मारतो. त्यात अनादर नाही.

मॉस्कोच्या दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर, तुला शहराजवळ यास्नाया पोल्याना नावाची जहागीर आहे. तेथे २८ ऑगस्ट १८२८ रोजी (आजच्या पंचांगाप्रमाणे ९ सप्टेंबर) टॉलस्टॉयचा जन्म झाला. घराणे काउंटांचे, म्हणजे आपल्याकडील सरदार-जहागीरदारांसारखे. दोन वर्षांचा होण्याआधीच आई गेली, नवव्या वर्षी वडील गेले. आत्यांनी आणि नात्यातल्या बायकांनी भावंडांना वाढवले. थोरला भाऊ निकोलाय मोठा कल्पक होता. त्याने धाकट्यांना सांगितले होते की सर्व माणसे सुखी कशी होतील, भांडणे व रोग कसे नाहीसे होतील ह्याचे रहस्य एका हिरव्या काठीवर कोरलेले आहे आणि ती काठी जवळच्या रानात, ओघळीच्या काठी पुरलेली आहे. पोरे ती काठी शोधीत. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण तिच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

कझान येथील विद्यापीठात त्याने आधी पौर्वात्य भाषा घेतल्या, मग कायदा घेतला, आणि १८४७ साली पदवी न घेताच घर गाठले. वाटणीत जहागीर आली आणि तिच्याबरोबर तीनशेवर भूदास आले. भूदास म्हणजे जमिनीबरोबर विकली जाणारी माणसे. एकोणिसाव्या वर्षी तो एवढ्या माणसांचा मालक झाला! मीही आज एकोणीस वर्षांची आहे. माझ्या मालकीची एक सायकल आहे. त्या वयात त्याचा देव कोणता होता? त्याने पुढे स्वतःच कबूल केल्याप्रमाणे, वरच्या वर्गातला सभ्य गृहस्थ दिसणे हाच त्याचा देव होता. नखे कशी असावीत, फ्रेंच कसे बोलावे, कोणाला नमस्कार करावा व कोणाला करू नये ह्या गोष्टींवर तो माणसांची किंमत ठरवीत असे. त्या जोडीला जुगार, दारू आणि बाहेरख्यालीपणा होताच. ज्या मोठ्या वाड्यात त्याचा जन्म झाला तो वाडासुद्धा विकला गेला आणि विकत घेणाऱ्याने तो मोडून दुसरीकडे नेला. आलेला पैसा पत्त्यांत गेला.

१८५१ साली तो भावाबरोबर कॉकेशसमध्ये गेला, सैन्यात शिरला, आणि तेथेच लेखणी हाती आली. १८५२ साली 'बालपण' ही त्याची पहिली कादंबरिका प्रसिद्ध झाली. पुढे क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात तो तोफखान्याचा अधिकारी होता. मरण रोज समोर दिसत होते, आणि त्याच दिवसांत, मार्च १८५५ मध्ये, त्याने रोजनिशीत एक विलक्षण विचार टिपून ठेवला : ख्रिस्ताचाच, पण गूढ चमत्कार आणि आंधळ्या श्रद्धा वगळलेला, ह्याच जगात सुख देणारा असा धर्म स्थापावा. सव्वीस वर्षांचा जुगारी अधिकारी हे लिहीत होता! हे बी तेव्हा पडले ते रुजायला पुढे पंचवीस वर्षे लागली.

दरम्यान दुसरे देव आले. सेंट पीटर्सबर्गच्या लेखकमंडळींनी त्याला डोक्यावर घेतले. लेखक हे मानवजातीचे गुरू आहेत असे त्या मंडळींचे मत होते, आणि आपण नेमके काय शिकवतो हे त्यांतल्या कोणालाच ठाऊक नव्हते. टॉलस्टॉयला हा पंथ आवडला, कारण त्यात त्याला पुजाऱ्याची जागा मिळाली होती आणि दक्षिणाही चांगली होती. त्या पंथाच्या गाभाऱ्यात जी देवता होती तिचे नाव प्रगती. युरोप पुढे चालला आहे, आपणही पुढे चाललो आहोत, कोठे ते विचारू नये!

ह्या देवतेला पहिला तडा गेला तो पॅरिसमध्ये. १८५७ साली तेथे असताना तो एका गुन्हेगाराचा शिरच्छेद पाहायला गेला. गिलोटिनचे पाते पडले, डोके धडापासून वेगळे होऊन पेटीत पडले. जगातील सर्वांत सुधारलेल्या म्हणवणाऱ्या नगरात हे कायदेशीर, नीटनेटके, यंत्राने केलेले मरण पाहून त्याच्या अंतःकरणाला असा धक्का बसला की त्याने लवकरच पॅरिस सोडले. प्रगतीच्या कोणत्याही सिद्धान्ताने हे कृत्य चांगले ठरू शकत नाही हे त्याला त्याक्षणी कळले. दुसरा तडा १८६० साली गेला. हिरव्या काठीची गोष्ट सांगणारा निकोलाय क्षयाने खंगत खंगत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मरण पावला. तो का जगला आणि का मेला, ह्याचे उत्तर प्रगतीजवळ नव्हते.

गावातील भूदासांच्या मुलांसाठी त्याने १८५९ साली शाळा काढली होती, ती ह्या काळात जोरात चालली. तेथे छडी नव्हती, गृहपाठ नव्हता, मुलांनी मनाला येईल तेथे बसावे. (आमच्या गावच्या शाळेचा अनुभव लक्षात घेता हा भाग मी दोनदा वाचला.) पोलिसांना मात्र ह्या शाळेत क्रांतीचा वास आला आणि १८६२ मध्ये तो घरी नसताना त्यांनी झडती घेतली. काही सापडले नाही.

त्याच वर्षी त्याने लग्न केले. तो ३४ वर्षांचा, मुलगी सोफिया १८ वर्षांची. लग्नाआधी त्याने आपल्या सर्व पापांची नोंद असलेल्या रोजनिशा तिला वाचायला दिल्या. प्रामाणिकपणाची ही कल्पना त्याला थोर वाटली असेल. अठरा वर्षांच्या मुलीवर काय ओढवले असेल ह्याचा विचार त्याने केला नाही असे माझे मत आहे. त्यांना तेरा मुले झाली, त्यांतली आठ मोठी झाली. 'युद्ध आणि शांती' ही प्रचंड कादंबरी १८६९ साली पुरी झाली, आणि तिची पाने रात्री जागून, पुन्हापुन्हा सुवाच्य उतरवून काढण्याचे काम सोफियाने केले. ह्या पंधरा वर्षांत त्याने कुटुंबाला आणि कलेला देवाच्या जागी बसवले होते. ते देव दिसायला देखणे होते, म्हणून ते सर्वांत जास्त टिकले.

सप्टेंबर १८६९. पेन्झा प्रांतात एक जहागीर स्वस्तात मिळते आहे असे कळल्यावरून तो ती पाहायला निघाला होता. वाटेत अर्झामास नावाच्या गावी एका खाणावळीत मुक्काम पडला. मध्यरात्री त्याला जाग आली आणि कारण नसताना विलक्षण भीती वाटू लागली. आपण कोठे निघालो आहोत? कशापासून पळतो आहोत? जमीन विकत घेऊन काय होणार? मरण खोलीत येऊन उभे राहिल्यासारखे त्याला वाटले. त्यावेळी तो ४१ वर्षांचा, धडधाकट आणि रशियातला नामांकित लेखक होता. आणखी जमीन घ्यायला निघालेल्या माणसाला मरणाने रस्त्यात गाठावे, ह्या अनुभवाचा सूर त्याच्या पुढे १८८६ साली आलेल्या, माणसाला जमीन लागते तरी किती ह्या विषयावरच्या कथेत मला ऐकू येतो. त्या कथेतला शेतकरी सूर्यास्तापर्यंत धावून जेवढी जमीन घेरील तेवढी त्याची, असा सौदा करतो, धावतो, आणि छाती फुटून मरतो. शेवटी त्याला लागते ती पुरण्यापुरती जमीन. माझ्या वडिलांना ही कथा मी वाचून दाखवली. त्यांची स्वतःची जमीन अर्धा एकर आहे. बाकी ते दुसऱ्याच्या शेतात राबतात. ते हसले आणि म्हणाले की ही गोष्ट आमच्या मालकाला वाचून दाखव.

१८७३ ते १८७५ ह्या काळात टॉलस्टॉयच्या घरातून तीन लहान मुलांची प्रेते निघाली. त्याला वाढवणाऱ्या दोन्ही वृद्ध स्त्रियाही गेल्या. त्याच सुमारास तो 'अॅना कॅरेनिना' लिहीत होता आणि कीर्ती वाढतच होती. परंतु कामाच्या मध्येच तो थबके. समारा प्रांतात हजारो एकर जमीन आहे, शेकडो घोडे आहेत. बरे, मग पुढे काय? आपण पुश्किनपेक्षा, शेक्सपिअरपेक्षा मोठे झालो. बरे, मग पुढे काय? ह्या प्रश्नाला उत्तर सापडेना. पन्नाशीच्या सुमारास, सर्व काही असताना, तो आत्महत्येच्या काठावर आला. रात्री ज्या खोलीत एकटा कपडे बदलत असे तेथे दोरी राहू नये म्हणून त्याने ती लपवली. सहज मोहाला बळी पडू नये म्हणून त्याने बंदूक घेऊन शिकारीला जाणे सोडले.

आपल्या त्या अवस्थेचे वर्णन करताना त्याने एक पूर्वेकडची जुनी कथा वापरली आहे, आणि येथे मराठी वाचकाला आश्चर्याचा धक्का बसतो. एक वाटसरू श्वापदाच्या भीतीने कोरड्या विहिरीत उतरतो. तळाशी अजगर जबडा पसरून बसलेला आहे. वाटसरू मधल्या एका झुडुपाला धरून लोंबकळतो. एक पांढरा आणि एक काळा उंदीर त्या झुडुपाचे मूळ कुरतडीत आहेत. आणि हा मात्र पानांवरचे मधाचे थेंब चाटतो आहे. ही कथा आपल्या महाभारताच्या स्त्रीपर्वात आहे! पुत्रशोकाने खचलेल्या धृतराष्ट्राला विदुर ती सांगतो. देशोदेशी फिरत, बौद्ध कथांबरोबर ती ख्रिस्ती संतकथांत शिरली आणि रशियापर्यंत पोहोचली. टॉलस्टॉयने स्वतःविषयी एवढेच म्हटले की कुटुंब आणि साहित्य हे आपले मधाचे दोन थेंब होते, आणि आता अजगर दिसल्यामुळे ते गोड लागेनासे झाले.

तत्त्वज्ञांचे ग्रंथ त्याने वाचले, शास्त्रे चाळली. शास्त्रे ग्रहताऱ्यांची माहिती देत होती. का जगावे हे सांगत नव्हती. मग त्याने आजूबाजूला पाहिले. आपल्या वर्गातले लोक जगण्याचा अर्थ हरवून बसले आहेत, पण शेतात राबणारे कोट्यवधी लोक कष्ट सोसतात, मुले पुरतात, स्वतः शांतपणे मरतात, आणि जीव द्यावा असे त्यांच्या मनातही येत नाही. ह्यांच्याजवळ काय आहे? त्यांच्याजवळ श्रद्धा होती. तेव्हा हा काउंट शेतकऱ्यांच्या पंगतीला जाऊन बसला. उपास करू लागला, चर्चमध्ये गुडघे टेकू लागला. १८८१ साली झाडाच्या सालीची पादत्राणे घालून, पाठीवर बोचके बांधून तो ऑप्टिना येथील मठाच्या यात्रेला पायी गेला. आपल्याकडील वारकऱ्याचे चित्र ह्याहून वेगळे नाही.

पण त्याची बुद्धी त्याला स्वस्थ बसू देईना. प्रसादाच्या वेळी, आपण गिळतो आहोत ते खरोखरच ख्रिस्ताचे रक्तमांस आहे असे कबूल करावे लागले तेव्हा त्याच्या काळजात सुरी गेल्यासारखे झाले. त्याहून मोठी अडचण पुढेच होती. १८७७ साली तुर्कस्तानशी युद्ध सुरू झाले आणि चर्चमध्ये रशियन शस्त्रांच्या विजयासाठी प्रार्थना होऊ लागल्या. शत्रूवर प्रेम करायला सांगणाऱ्याच्या नावाने शत्रू मारण्याची प्रार्थना! अन्य पंथांच्या ख्रिस्ती लोकांना हेच चर्च पाखंडी म्हणत होते. सोन्याच्या चौकटीतल्या तसबिरी, मेणबत्त्या, अवशेष, झारचा जयजयकार ह्या सर्वांच्या गर्दीत देव कोठे आहे, हे तो शोधू लागला. आपण देवाच्या घरी आलो असे ज्याला वाटत होते त्यालाच आता ते घर मूर्तींनी भरलेले दिसू लागले.

ग्रीक त्याने आधीच शिकून ठेवली होती. मॉस्कोच्या एका यहुदी धर्मगुरूकडे तो हिब्रू शिकला. मूळ शुभवर्तमाने समोर घेऊन त्याने त्यांचे स्वतः भाषांतर केले. चमत्कार वगळले, पुनरुत्थान वगळले. हाती उरले ते डोंगरावरचे प्रवचन. रागावू नये, स्त्रीला भोगवस्तू मानू नये, शपथ वाहू नये, दुष्टाचा बळाने प्रतिकार करू नये, शत्रूवर प्रेम करावे, अशा पाच आज्ञा त्याने त्यातून वेचल्या. ह्यांतली चौथी आज्ञा त्याला किल्लीसारखी वाटली. ती खरी मानली तर सैन्य, न्यायालय, तुरुंग, फाशी हे काहीच टिकत नाही. आणि त्याने ते टिकू नये असेच म्हटले. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर बॉम्बने मारला गेला तेव्हा मारेकऱ्यांना क्षमा करा असे पत्र त्याने नव्या झारला पाठवले. पाच जण फासावर गेले.

येथे थोडे थांबले पाहिजे. टॉलस्टॉय ख्रिस्ती होता का? येशूला देव मानणे हाच ज्या धर्माचा पाया, त्या धर्मात राहून तो म्हणत होता की येशू हा माणूस होता, आणि त्याला देव समजून प्रार्थना करणे हीच मोठी देवनिंदा आहे. म्हणजे त्याच्या मते ख्रिस्ताचीही मूर्ती झाली होती. लोक ख्रिस्तापुढे वाकत होते आणि त्याने सांगितलेले काही करीत नव्हते. वाकणे हे करण्यापेक्षा सोपे असते. आंबेडकर जयंतीला, शिवजयंतीला आमच्या चौकात फ्लेक्स लागतात, गुलाल उधळला जातो, ध्वनिक्षेपक रात्रभर चालतो. त्या फ्लेक्सवर महापुरुषाच्या चेहऱ्यापेक्षा वाढदिवसवाल्या पुढाऱ्याचा चेहरा मोठा असतो. टॉलस्टॉय वाचताना मला तो चौक आठवला हे येथे लिहून ठेवते. तरीही धर्माभ्यासकांचा आक्षेप मला पूर्णपणे चुकीचा वाटत नाही. त्यांचे म्हणणे असे की टॉलस्टॉयने शुभवर्तमानातून आपल्या बुद्धीला पटेल तेवढेच ठेवले, म्हणजे शेवटी त्याने स्वतःच्या बुद्धीलाच देव्हाऱ्यात बसवले. ह्याचे उत्तर त्याच्या पुस्तकांत मला सापडले नाही. त्याच्या जगण्यात थोडेसे सापडते.

१८८२ साली मॉस्कोच्या खानेसुमारीत त्याने स्वतःहून काम मागून घेतले आणि शहरातल्या अत्यंत दरिद्री वस्तीत तो घरोघर फिरला. भुकेली, थंडीने कुडकुडणारी माणसे पाहून घरी यावे आणि पांढरे हातमोजे घातलेल्या नोकरांनी वाढलेले पाच पक्वान्नांचे जेवण जेवावे, हे त्याला असह्य झाले. दान देऊन पाहिले. त्याने आपण बरे ठरतो, ते बरे होत नाहीत हे कळले. गरिबाच्या पाठीवर बसून त्याच्याविषयी कळवळा दाखवण्याऐवजी आधी पाठीवरून उतरले पाहिजे, अशा निष्कर्षाला तो आला. मांस, दारू, तंबाखू, शिकार सुटली. तो नांगर धरू लागला, लाकडे फोडू लागला, जोडे शिवायला शिकला. त्याने शिवलेले बूट फेट नावाच्या कवीला मिळाले. ते बूट फार सुबक नसावेत!

१८९१ साली त्याने जाहीर केले की १८८१ नंतर लिहिलेल्या पुस्तकांवर आपला हक्क नाही, कोणीही छापावीत. जमीनजुमला बायकोमुलांत वाटून टाकला. तुकोबाने कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा आपल्याला ठाऊक आहे, आणि जिजाईची तक्रारही ठाऊक आहे. सोफियाची तक्रार तीच होती. तिने नऊ जणांचा संसार चालवायचा, मुलांच्या शिक्षणाचे पाहायचे, आणि नवऱ्याने सर्व काही जगाला देऊन टाकायचे! थोर पुरुषांची चरित्रे लिहिणारे ह्या बायकांना कजाग म्हणून मोकळे होतात. माझी आई पहाटे चारला उठून भाकऱ्या थापून मग दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. घरात एखाद्याला वैराग्य आले तर काय होईल हे तिला विचारावे. सोफियाचा देव तिचे कुटुंब होते, आणि तो मोडण्याचा अधिकार टॉलस्टॉयला होता का, हा प्रश्न मी तसाच ठेवते.

ह्याच सोफियाने १८९१-९२ च्या भीषण दुष्काळात वर्तमानपत्रातून मदतीचे आवाहन केले, देशविदेशांतून पैसा आला, आणि टॉलस्टॉयने मुलींना बरोबर घेऊन रियाझान प्रांतात खेड्याखेड्यांतून मोफत अन्नछत्रे उघडली. त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. लेखक बर्फातून घोडागाडीने गावोगाव फिरत याद्या करीत होता. त्याच्या आयुष्यातला हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण ह्यात तो उपदेश करीत नाही.

'देवाचे राज्य तुमच्या अंतरी आहे' हा त्याचा ग्रंथ रशियात बंदी असल्याने १८९४ साली जर्मनीत छापला गेला. दक्षिण आफ्रिकेत एका तरुण गुजराती वकिलाने तो वाचला आणि तो भारावून गेला. त्या वकिलाचे नाव सांगायला नको. १९१० साली जोहान्सबर्गजवळ त्याने सत्याग्रहींसाठी जी वसाहत वसवली तिला टॉलस्टॉयचेच नाव दिले. आपल्याकडे साने गुरुजींनी टॉलस्टॉयचा कलेवरील ग्रंथ मराठीत आणला.

कॉकेशसमध्ये डुखोबोर नावाचे शेतकरी ख्रिस्ती होते. ते तसबिरी मानीत नसत, पाद्री मानीत नसत. प्रत्येक माणसात देव आहे म्हणून एकमेकांपुढे वाकत. १८९५ साली त्यांनी आपली शस्त्रे जाळली आणि सैन्यात जाण्यास नकार दिला. सरकारने त्यांचा भयंकर छळ केला. त्यांना कॅनडात नेण्यासाठी पैसा हवा होता, म्हणून टॉलस्टॉयने आपलाच नियम मोडून 'पुनरुत्थान' ही कादंबरी मोबदला घेऊन छापायला दिली. १८९९ च्या सुमारास सुमारे साडेसात हजार डुखोबोर कॅनडात पोहोचले. नियमाचीही मूर्ती होऊ शकते, आणि ती त्याने माणसांसाठी फोडली. मघाच्या आक्षेपाला उत्तर असेल तर ते येथे आहे.

ह्या कादंबरीत चर्चमधल्या पूजाविधीची जी थट्टा होती तिने धर्मसत्ता खवळली. फेब्रुवारी १९०१ मध्ये रशियन चर्चच्या सर्वोच्च मंडळाने टॉलस्टॉय आता चर्चचा राहिला नाही असे जाहीर केले. परिणाम उलटाच झाला. मॉस्कोच्या रस्त्यात लोकांनी त्याचा जयजयकार केला. सेंट पीटर्सबर्गच्या प्रदर्शनात चित्रकार रेपिनने काढलेल्या त्याच्या चित्रापुढे लोकांनी फुले वाहिली, इतकी की सरकारी लोकांनी चित्रच तेथून हलवले. म्हणजे बघा, मूर्ती फोडणाऱ्याचीच मूर्ती उभी राहिली!

येथून पुढची दहा वर्षे ह्या शेवटच्या मूर्तीशी झगडण्यात गेली. जगभरातून भक्त यास्नाया पोल्यानाला येत, त्याच्यासारखा अंगरखा घालीत, त्याच्यासारखी दाढी वाढवीत. त्याच्या नावाच्या वसाहती निघाल्या. एडिसनने अमेरिकेहून ध्वनिमुद्रणाचे यंत्र पाठवले. १९०८ साली ऐंशीव्या वाढदिवसाचा समारंभ करू नका अशी विनंती त्याने केली, तरी चलच्चित्र घेणारा मनुष्य कॅमेरा घेऊन दारात आलाच. टॉलस्टॉयचा पंथ वगैरे काही नाही, एकच सत्य आहे, असे तो सांगत राहिला. परंतु चेर्त्कोव्ह नावाचा त्याचा पट्टशिष्य त्याचा शब्दन् शब्द टिपून घेत होता, रोजनिशांवर हक्क सांगत होता. एका बाजूला शिष्य, दुसऱ्या बाजूला पत्नी, आणि मध्ये म्हातारा. जुलै १९१० मध्ये साहित्याच्या हक्कांविषयीचे गुप्त मृत्युपत्र त्याने रानात एका झाडाच्या बुंध्यावर बसून सही केले. ज्याने आयुष्यभर मालकी नाकारली त्याला मालकीचा कागद चोरून लिहावा लागला. येथे त्याची मला फार कीव येते.

२८ ऑक्टोबर १९१० च्या रात्री (जुन्या पंचांगाने) अभ्यासिकेत पत्नी कागद धुंडाळीत असल्याचा आवाज त्याने ऐकला. तो उठला, पत्र लिहून ठेवले, आणि डॉक्टरला बरोबर घेऊन पहाटेच्या काळोखात घर सोडले. वय ८२. आधी तो ऑप्टिनाच्या मठाकडे गेला, ज्या मठाच्या धर्माने त्याला बाहेर काढले होते तेथेच! मग बहीण मारिया जोगीण होऊन राहिली होती तिच्याकडे गेला. तेथून आगगाडीने दक्षिणेकडे निघाला असता न्यूमोनिया झाला आणि अस्तापोव्हो नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरावे लागले. स्टेशनमास्तरने आपले घर रिकामे करून दिले. काही दिवसांत तेथे वार्ताहर, चित्रपटवाले, पोलीस, पाद्री ह्यांची गर्दी झाली. सोफिया आली, शिष्यांनी तिला आत येऊ दिले नाही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारानंतर ती खिडकीच्या काचेतून डोकावत राहिली. तो बेशुद्ध झाला तेव्हा तिला आत घेतले. ७ नोव्हेंबरला (नव्या पंचांगाने २० नोव्हेंबर) पहाटे सहा वाजून पाच मिनिटांनी त्याचा प्राण गेला.

अस्तापोव्होला आज लेव टॉलस्टॉय असे नाव आहे, आणि स्टेशनावरच्या घड्याळाचे काटे सहा वाजून पाच मिनिटांवर थांबवून ठेवले आहेत. त्याचे शव यास्नाया पोल्यानाला नेले. पाद्री नव्हता, मंत्र नव्हते. निकोलायने हिरवी काठी पुरल्याचे सांगितले होते त्या रानात, ओघळीच्या काठी त्याला पुरले. तशी त्याची इच्छा होती. तेथे क्रूस नाही, पुतळा नाही, नावाची पाटीही नाही. लांबट चौकोनी मातीचा ढीग आहे, त्यावर गवत उगवते. लग्न झालेली जोडपी तेथे येऊन फुले ठेवतात.